नमूची भूक

नमू सापडली ती गोठ्यात.

घरामागच्या परड्यात लग्नाची हळकुंडं फोडायला बायका जमल्या होत्या. माझ्या धाकट्या दिराचं, सुहासचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. सगळ्यांना चहा टाकावा म्हणून मी उठले आणि सहज गोठ्याकडं बघितलं. म्हशीच्या पुढ्यात माझी नऊ वर्षांची लेक उकिडवी बसली होती. भिजवलेल्या सरकी पेंडीच्या घमेल्यात तिचे दोन्ही हात होते आणि तोंड भरलेलं होतं. म्हैस बिचारी मान बाजूला करून उभी होती.

"नमे, काय करतीयास?"

ती दचकली, पण तोंडातला घास तिनं थुंकला नाही. आधी गिळला, मग बोलली. "आई, भूक लागलीया."

"आत्ता तासाभरापूर्वी दोन भाकऱ्या खाल्ल्यास की गं!"

"व्हय. पण लागलीया."

मी तिला मारलं. पाठीत चांगले चार धपाटे घातले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगायचंय त्याच्यापेक्षा हे सोपं आहे. ती रडली नाही. मार खाताखाताच घमेल्याकडं बघत होती. परड्यातले बत्ते थांबले आणि कुणीतरी म्हणालं, "अंगणवाडीच्या ताईंची पोरगी की ती. तिला काय कमी हाय?" मग सगळ्याजणी हसल्या.

त्या हसण्याचं कारण मला ठाऊक होतं. मी गावातल्या अंगणवाडीची सेविका. तासगावपासून दोन-तीन कोसांवर आमचं गाव, चारी बाजूंनी द्राक्षाचे मळे. दर महिन्याला गावातली लेकरं टांगत्या काट्याला लावायची, वजन वहीत मांडायचं, वाळकी दिसतील त्यांच्या आयांना चार गोष्टी सांगायच्या, हे माझं काम. आमची सगळी काळजी वहीतल्या खालच्या लाल पट्ट्याची. कुणी वरच्या बाजूनं वहीबाहेर गेलं तर काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. नमू अडीच वर्षांची असतानाच माझ्या काट्यावरचा पंचवीसचा आकडा संपला. पुढं तिचे वडील तिला द्राक्षाच्या पेट्यांच्या काट्यावर उभी करायचे. त्या महिन्यात ती एक्काहत्तर किलो भरली होती.

गावाचा हिशोब साधा होता. ताई पोषण आहार घरी नेते आणि पोरीला चारते. मी एकही पाकीट कधी घरी नेलं नाही, पण हे कुणाला पटवायचं? पुरावा तर माझ्याच अंगणात हिंडत होता. म्हणून मी तिच्या खाण्यावर गावातल्या कुठल्याही आईपेक्षा जास्त कडक पहारा ठेवला. स्वयंपाकघराला कडी-कुलूप आणि किल्ली माझ्या पदराला. दुसऱ्यांच्या लेकरांना "खा रे राजा" म्हणून चमच्यानं भरवणारी मी, माझ्या लेकीच्या हातातला तुकडा काढून घ्यायची.

संध्याकाळी नमूचे वडील मळ्यातून आले. आमचे हे फार कमी बोलतात. पेंडीचं ऐकून ते बराच वेळ पायरीवर बसून राहिले, हातपाय धुवायलाही उठले नाहीत.

"अहो, काय झालं?"

"हावरं पोर लाडू चोरतं, उज्ज्वला. गूळ चोरतं, शेंगदाणं चोरतं," ते म्हणाले. "पेंड कोण खातं?"

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"हिला नुसती खायची हौस न्हाई. काहीतरी हाय. मिरजेला लहान मुलांच्या मोठ्या डाक्टरीणबाई आल्यात म्हणं. लग्नाआधीच दाखवून आणू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं मला डोक्याला तेल लावायला बसवलं. आत्या म्हणजे माझी सासू. आधी ती माझी सख्खी आत्या होती, वडिलांची थोरली बहीण, मग सासू झाली. आमच्या भागात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. मी पाळण्यात होते तेव्हापासून घरात ठरलेलं होतं, आणि मी कधी कुरकुर केली नाही. माझी आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि माझी बहीण वैजू तीन वर्षांची. त्या दिवसापासून आम्हा दोघींच्या वेण्या आत्यानं घातल्या. पुढं वैजूच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं आणि त्यापायी तिचं लग्न दोनदा जमताजमता मोडलं. तेव्हा आत्यानंच भावाला निरोप धाडला, "माझ्या सुहासला दे. माझ्या घरात तिच्या डोळ्याकडं कोण बघणार न्हाई." ज्या लग्नाची हळकुंडं आम्ही फोडत होतो ते हेच लग्न. दुसरी भाचीही सून होऊन येणार म्हणून आत्या महिनाभर हवेत होती, आणि वैजूही. पोरीला सुहास लहानपणापासून आवडायचा.

"मिरजेला जातीयास तर जा," केसांत बोटं घालत आत्या म्हणाली. "पर एक ध्यानात ठेव. डाक्टरणीनं इचारलं, नवरा-बायको नात्यातली हायसा का, तर न्हाई म्हणायचं."

"का गं आत्या?"

"का म्हंजे? वरच्या आळीच्या तानाजीच्या पोराला ऐकू येत न्हाई, तर डाक्टरनं काय सांगितलं? मामाची पोरगी केली म्हणून. झालं! त्याच्या धाकट्या भावाचं सुपारी फुटलेलं लगीन मोडलं. ती पोरगी अजून बापाच्या घरात बसलीया. तुझ्या बापाला वैजूसाठी पुन्यांदा ठिकाणं हुडकायचं बळ हाय का आता?"

"पण डॉक्टरला खोटं सांगायचं..."

"आगं, एवढ्या एका शब्दानं पोरीच्या औषिदात काय कमी हुणार हाय? पोट ते पोटच की. नातं सांगितलं म्हणून का गोळी बदलणार?"

मला ते पटलं. महिलांच्या बैठकीत उभी राहून "डॉक्टरपासून काही लपवू नका गं बायांनो" म्हणणारी मीच, पण ते मला पटलं. खरं म्हणजे मला जे ऐकायचं होतं तेच आत्या बोलली होती. आपल्या घरच्या चालीत काही खोट असेल, मी ज्या माणसाबरोबर सुखानं संसार केला त्याच्याशी लग्नच करायला नको होतं, हे कुणा परक्या बाईच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

मिरजेच्या डॉक्टर हुलवान मॅडम माझ्याहून लहान असतील. आम्ही आत गेलो तेव्हा नमू खुर्चीत बसायला गेली आणि खुर्चीच्या दोन हातांमध्ये अडकली. मी तोंड उघडायच्या आधीच मॅडम उठल्या आणि बिनहाताचं स्टूल स्वतः पुढं सरकवलं. "ही खुर्ची मलासुद्धा टोचते," त्या नमूला म्हणाल्या. नमू त्यांच्याकडं बघतच राहिली. तिला अशी सवय नव्हती.

मॅडमनी बारीकसारीक सगळं विचारलं. जन्माच्या वेळी वजन किती होतं, कधीपासून वाढलं, दूध कधी तोडलं. मी सांगत गेले. जन्मली तेव्हा चारचौघींच्या लेकरांसारखीच होती. तिसऱ्या महिन्यापासून तिचं रडणं थांबेना. छातीपासून काढली की आकांत. रांगायला लागल्यावर माती खायची, पुढं कच्चं पीठ, कच्चे तांदूळ. सर्दी-खोकला तर बारमाही. पेंडीचं मात्र ह्यांनी सांगितलं. मला ते बोलवलं नसतं.

मग मॅडम नमूकडं वळल्या. "नम्रता, एक सांगशील? जेवताना कधी असं वाटतं का, की बास, आता पोट भरलं?"

नमूनं खूप विचार केला. कपाळाला आठ्या घालून केला, शाळेत गुरुजींनी गणित घातल्यासारखा.

"म्हंजे कसं वाटतं?" तिनं विचारलं.

मॅडमचं लिहिणं थांबलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"तुमचं लग्न नात्यातलं आहे का?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी टेबलावरच्या काचेकडं.

"नाही," मी म्हणाले.

"लांबचंही नाही? आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी असतं, म्हणून विचारते. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"नाही. आमचं स्थळ बघून झालंय."

हे मान खाली घालून टोपीच्या कडा चाचपत बसले. पण नमू स्टुलावर वळली. "आई, पण आजी तर तुझी..."

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये," मी म्हणाले आणि मॅडमकडं बघून हसले. "आजीची फार लाडकी आहे. सारखं आजी, आजी."

मॅडमही हसल्या. त्यांनी का शंका घ्यावी? मी अंगणवाडी सेविका आहे, हे त्यांना आधीच अभिमानानं सांगून झालं होतं.

"मला जरा वेगळी शंका येत होती," त्या म्हणाल्या. "इतक्या लहानपणापासूनची अशी भूक कधीकधी रक्तातूनच येते. फार क्वचित. आई-वडील नात्यातले असले की तिकडं आधी लक्ष जातं, मग आम्ही रक्त तपासायला बाहेर पाठवतो. तसं काही नाही म्हणताय, तर आधी साधे उपाय करून बघू. सहा महिन्यांनी मला दाखवायचं मात्र चुकवू नका."

रक्त बाहेर पाठवतो. हे शब्द मी ऐकले होते. ऐकूच आले नाहीत, असं म्हणायची सोय मला नाही. तोंड उघडायला त्या क्षणीसुद्धा वेळ होता. मॅडम कागदावर लिहीत होत्या, चांगली पाच मिनिटं लिहीत होत्या. सकाळी एक भाकरी, दुपारी एक भाकरी आणि अर्धी वाटी भात, गोड बंद, तळलेलं बंद, रोज चालणं. मी ती पाच मिनिटं वैजूच्या हळदीच्या पातळाचा रंग आठवत बसले.

परत येताना एसटीत नमू खिडकीशी बसली होती. तासगाव जवळ आलं तेव्हा नमू म्हणाली, "आई, त्या मॅडम चांगल्या हायत."

"का गं?"

"मला हावरी म्हणल्या न्हाईत."

लग्न थाटात झालं. देवळापुढच्या पटांगणात मांडव होता. वांग्याची भाजी, मसालेभात, मठ्ठा, जिलेबी. मिरजेचा कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवला होता, जरीच्या पातळावर ती पर्स घेऊन मी हिंडत होते. त्या कागदानं मला बळ आलं होतं. आता पोरीला उपाशी ठेवणारी मी नव्हते, डॉक्टर होत्या.

पोरींच्या पंगतीत नमू बसली होती. मी वाढप्याला सांगून ठेवलं होतं, हिला बेतानं वाढ. पण लग्नघरात कोण कुणाचं ऐकतं? मी बघितलं तेव्हा तिच्या पानावर भाताचा डोंगर होता आणि तो गडी तिला चौथी जिलेबी वाढत होता. "ताईंची लेक हाय, वाढ वाढ!" कुणीतरी पलीकडून ओरडलं. "सरकारी खुराकाची सवय हाय तिला!" आणि पंगतीभर हशा पिकला. नमूही हसली. तिला वाटलं सगळे आनंदात आहेत.

मी गेले आणि तिला दंडाला धरून उठवलं.

आमच्याकडं वैऱ्यालासुद्धा पंगतीतून उठवत नाहीत. पानावर बसलेल्या माणसाला हाकसुद्धा मारत नाहीत. शेजारच्या पंगतीतले एक म्हातारे पाव्हणे हातातला घास तसाच धरून म्हणाले, "ताई, नगा हो. भरल्या पानावरनं लेकराला उठवू नये."

"तिला डॉक्टरनी सांगितलंय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

नमू उठली. तिनं हिसका दिला नाही, रडली नाही. जिलेबीचे पिवळे हात तसेच धरून माझ्यामागून हौदापर्यंत आली. मी तिचे हात धुतले. तेवढ्यात तिनं हळूच विचारलं, "आई, सगळे जेवल्यावर मला देशील?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली.

बोहल्यावरून वैजू हे सगळं बघत होती. मुंडावळ्या बाजूला करून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर लग्नाच्या दिवशी नसावं असं काहीतरी होतं. मी तिच्याकडं बघून हसले आणि हातानं खूण केली, काही नाही, काही नाही.

सहा महिन्यांनी आम्ही मिरजेला गेलो नाही. मॅडम पुन्हा तेच विचारतील याची मला धास्ती होती, आणि आता वैजू घरात नांदत होती. कागद होता की. मी तो भिंतीला चिकटवला आणि त्याप्रमाणं दोन वर्षं पोरीला वागवलं. वजन थोडं घटायचं, पुन्हा वाढायचं. घटलं की मी खूश, वाढलं की घरात शोधाशोध. तिनं कुठून खाल्लं, काय खाल्लं, कुणी दिलं. एकदा तर शेजारणीनं दिलेल्या एका केळ्यापायी मी त्या शेजारणीशी वर्षभर बोलले नाही.

अकराव्या वर्षी, ऐन द्राक्ष तोडणीत, नमूला खोकला झाला. नेहमीचाच वाटला. चौथ्या दिवशी तिला धाप लागली आणि सांगलीला दवाखान्यात ठेवली. फुप्फुसांत कफ भरला होता. नाकाला नळी, हाताला सलाईन. सिस्टरनी बजावलं होतं, तोंडातून काही द्यायचं नाही, ठसका लागेल.

सकाळी मी उशाशी बसले होते. तिनं डोळे उघडले. "आई, भूक लागलीया."

"बरी झालीस की देते हं."

"काय देशील?"

"तू म्हणशील ते."

ती जरा हसल्यासारखी झाली. काय पाहिजे ते सांगायला तिनं तोंड उघडलं, पण दम पुरला नाही. दुपारी ती गेली.

तिला नेताना मागून चालणाऱ्या बायकांमध्ये कुणीतरी म्हणालं, "खाऊन खाऊन गेली गं बाई." मी ऐकलं. मला राग आला नाही, कारण तोपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. माझी मुलगी हावरी होती आणि मी पहाऱ्यात कमी पडले, असंच मला वाटत होतं.

वर्षानं वैजूला मुलगी झाली. आरोही, घरात आरू. आरू चार महिन्यांची असताना एका सकाळी वैजू तिला घेऊन अंगणवाडीत आली. पोरीचा आकांत लांबूनच ऐकू येत होता. तो आवाज मला पाठ होता.

"अक्का, हिला दूध पुरतच न्हाई गं," वैजू म्हणाली. "छातीपासनं काढली की असं करतीया. वरचंबी देऊन बघितलं. जरा वजन करतीस?"

मी आरूला झोळीत घालून काट्याला लावलं. काटा नऊच्या वर गेला. चार महिन्यांच्या लेकराला सहा किलो म्हणजे उत्तम.

वैजू माझ्या तोंडाकडं बघत होती. "नमू अशीच हुती का?"

मी आरूला झोळीतून काढलं, खांद्यावर घेतलं आणि तिच्या पाठीवर थोपटत राहिले. नऊ वर्षांच्या नमूला मी मिरजेला ज्या टेबलापुढं घेऊन बसले होते, तिथं मी मनानं त्या दिवसापासून एकदाही गेले नव्हते. आता गेले.

"पुण्याला मोठ्या दवाखान्यात जा," मी म्हणाले. "आजच सुहासला सांग. आणि डॉक्टरनी विचारलं, लग्न नात्यातलं आहे का, तर खरं सांग. आमचंही सांग. नमूचं सगळं सांग."

"नात्याचं? त्याचं काय?" वैजूला कळेना. मग हळूहळू कळलं. तिच्या चांगल्या डोळ्यात मला ते कळताना दिसलं. "तुला मिरजेत इचारलं हुतं का?"

"हो."

"मग?"

"मी नाही म्हणाले."

बाहेर पोरं बडबडगीत म्हणत होती, मदतनीस बाई टाळ्या वाजवत होत्या. वैजू भिंतीला टेकून खाली बसली.

"माझं लगीन हुतं म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. अर्धं खरंही होतं. पण मग त्या पोरीनं ते आयुष्यभर उरावर घेतलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "मला लाज वाटली म्हणून."

वैजू उठली, माझ्या खांद्यावरून आरूला घेतलं आणि गेली. पुढं कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मी तिला दोष देत नाही.

पुण्यात रक्त तपासलं. अहवाल घ्यायला मीही हट्टानं गेले. तिथल्या डॉक्टर वयस्क होत्या, शांतपणे, एकेक शब्द सोडवून सांगत होत्या. अंगात पुरेसं साठलंय, आता थांब, असा निरोप शरीर मेंदूला पाठवत असतं. हा निरोप ज्या पदार्थातून जातो तो या बाळाच्या अंगात तयारच होत नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी बिघडलेल्या जनुकांची जोडी एकत्र आली की असं होतं. एकेकटी असेपर्यंत कुणाला काही त्रास नसतो, कळतही नाही. एकाच घरातली माणसं एकमेकांत लग्नं करत राहिली की जोडी जमायची शक्यता वाढते.

"म्हणजे तिला नक्की काय वाटतं?" सुहासनं विचारलं.

"तिच्या मेंदूला वाटतं की ती उपाशी मरतेय," डॉक्टर म्हणाल्या. "जन्मल्यापासून, रोज, जेवल्यावरसुद्धा. आपण दुष्काळात काय काय खाऊ, तसं ही मुलं खातात. त्यांच्यावर रागावून उपयोग नसतो. छातीचे आजारही यांना फार लवकर होतात."

"औषध आहे?" वैजूनं विचारलं.

"आहे. रोज एक इंजेक्शन. परदेशातून मागवावं लागेल, कागदपत्रं आहेत, वेळ जाईल. पण आहे."

निघताना मी दारात थांबले. "मॅडम, हे औषध चार वर्षांपूर्वी होतं का?"

"होतं," त्या म्हणाल्या. "का हो?"

"सहज," मी म्हणाले.

घरी आल्यावर मी आत्याला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. ती जात्यापाशी बसली होती. ऐकून झाल्यावर तिनं पदर तोंडावर घेतला आणि दिवसभर काढला नाही. त्यानंतर तिनं माझ्या केसांना हात लावला नाही, मीही डोकं पुढं केलं नाही. हे मात्र एवढंच म्हणाले, "मीबी तिथंच बसलो हुतो, उज्ज्वला." त्यांनी नमूचा फोटो आतल्या खोलीतून काढून बाहेर सोप्यात लावला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं तर म्हणायचे, "पोरगी आजारी हुती आमची. जन्मापासनं आजारी हुती." गावात किती जणांना पटलं कुणास ठाऊक.

औषध यायला दीड वर्ष गेलं. तोवर आम्ही सगळ्यांनी आरूला सांभाळली. कुणी तिच्यावर ओरडलं नाही, कुणी तिला हावरी म्हटलं नाही, स्वयंपाकघराला कुलूप नव्हतं, त्याऐवजी तिच्याजवळ सारखं एक माणूस होतं. बहुतेक वेळा मीच. वैजू पुन्हा माझ्याशी बोलायला लागली ती त्यातूनच.

इंजेक्शन सुरू झालं आणि नववा की दहावा दिवस असेल. आम्ही सगळे सोप्यात दुपारचे जेवत होतो. आत्या आरूला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होती. आरू तोंडातला घास गिळायच्या आधीच पुढच्यासाठी तोंड उघडायची, तिची सवयच तशी. आत्यानं घास पुढं केला आणि आरूनं मान फिरवली.

आत्याला वाटलं, चिमणीकडं बघतीया. तिनं घास पुन्हा तोंडापाशी नेला.

"नको," आरू म्हणाली आणि आत्याचा हात बाजूला सारून बाहुलीकडं गेली.

सुहासच्या हातातला तांब्या तसाच होता. मग वैजू एकदम हसायला लागली, हसताहसता रडायला लागली, "नको म्हणाली! अहो, ऐकलंत का, नको म्हणाली!" सुहास डॉक्टरना फोन लावायला धावला. आत्या ताटलीवर घास धरून बसून होती, आणि ती आरूकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. हे उठून बाहेर गेले.

मी आत्याच्या हातातून ताटली घेतली. तळाशी दुधात भिजलेली भाकरी उरली होती, चार-पाच घास असेल. काय करावं मला सुचेना, मी नुसतीच ती धरून उभी राहिले.

"अक्का, टाकू नको गं," वैजू डोळे पुसत म्हणाली. "आण इकडं. मी खाते माझ्या लेकीचं उष्टं."

मी ताटली तिला दिली. ती भिंतीला टेकून बसली आणि बोटानं निपटून निपटून खायला लागली, आयाबाया खातात तशी. मी बघत राहिले. माझ्या नमूचं उष्टं मी कधी खाल्लं नाही. अकरा वर्षांत तिनं ताटात काही ठेवलंच नव्हतं.